टोमॅटो सुटला, मिरची सापडली!



परदेशातल्या मराठी माणसाला घाबरवायला फार काही लागत नाही. त्याच्या स्वयंपाकघरातल्या एखाद्या वस्तूचं नाव बातम्यांत आलं की पुरे! २०२५ च्या जुलै महिन्यात आमच्याकडे नेमकं तेच झालं. मोड आणून गोठवलेल्या मटकी आणि मुगाच्या पाकिटांमुळे काही लोकांना साल्मोनेला या जंतूची लागण झाल्याचं जाहीर झालं आणि ती पाकिटं बाजारातून परत मागवली गेली. आजारी पडलेले लोक सबंध अमेरिकेत मिळून डझनभराच्या आसपास. एवढ्या मोठ्या देशात हा आकडा काहीच नाही. पण मटकी म्हणजे आपली! बर्गर खाणाऱ्या शेजाऱ्याला या बातमीचं सोयरसुतक नव्हतं. आमच्या फ्रीझरमध्ये मात्र तसली दोन पाकिटं होती.

त्या वेळी आई भारतातून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. (आमच्यापैकी एकाची आई, दुसऱ्याची सासू!) आम्ही पाकिटं कचऱ्यात टाकताना बघून त्या म्हणाल्या, "अरे, ती रविवारच्या मिसळीसाठी ठेवली होती ना? राहू दे, मी घरीच मोड आणते. मग तर झालं?"

आम्ही दोघंही गप्प. कारण याचं उत्तर सरळ "हो" नव्हतं आणि सरळ "नाही"ही नव्हतं. ते उत्तर नीट समजून घ्यायचं तर थोडं मागे, २००८ च्या उन्हाळ्यात जावं लागेल.

चार रूममेट आणि ठेच्याची बरणी

तेव्हाचे "आम्ही" म्हणजे टेक्सासमध्ये, डॅलसजवळ एमएस करणारी चार मराठी मुलं. दोन बेडरूमचं अपार्टमेंट, स्वयंपाकाच्या पाळ्या भिंतीवर चिकटवलेल्या आणि प्रत्येक डॉलरचा हिशोब. इंडियन स्टोअर लांब आणि महाग, म्हणून भाजी जवळच्या मेक्सिकन दुकानातून. तिथे टोमॅटो स्वस्त, कोथिंबिरीच्या जुड्या ताज्या आणि सेरानो मिरची तर थेट आपल्या हिरव्या मिरचीची बहीण. डाळ-भात, अंडा भुर्जी आणि कांदा-टोमॅटोची कोशिंबीर एवढ्यावर आमची अख्खी सेमिस्टर निघत असे.

३ जून २००८ रोजी अन्न व औषध खात्याने, म्हणजे एफडीएने, टेक्सास आणि न्यू मेक्सिकोतल्या लोकांना काही जातींचे लाल टोमॅटो कच्चे खाऊ नका असं सांगितलं. ७ जूनला हाच इशारा देशभरासाठी दिला गेला. साल्मोनेला सेंटपॉल नावाच्या जंतूची साथ होती. दुकानांतले टोमॅटोचे ढीग गायब झाले, बर्गरमधली टोमॅटोची चकती दिसेनाशी झाली. आम्हीही आज्ञाधारक मुलांसारखे घरातले टोमॅटो फेकून दिले. आमटीत चिंच आली. कोशिंबीर बंद झाली.

पण जेवण मग अळणी वाटू लागलं. त्यावर आमच्यातल्या कोल्हापूरच्या मित्राने उपाय काढला: ठेचा! खरा ठेचा तव्यावर मिरच्या परतून करतात. आमचा आळशी ठेचा म्हणजे कच्च्या सेरानो मिरच्या, लसूण, भरपूर कोथिंबीर, मीठ आणि लिंबू मिक्सरमध्ये फिरवायचं की झालं. बरणी दिवसभर टेबलावरच असायची. ज्याला पाहिजे त्याने चमचा घालावा. टोमॅटो टाळून आपण अगदी सुरक्षित झालो अशा समाधानात आम्ही महिनाभर कच्ची मिरची आणि कच्ची कोथिंबीर दुपटीने खाल्ली.

जूनच्या शेवटी त्या मित्राला ताप आला, पोट बिघडलं. दोन दिवस आम्ही त्याला दहीभात दिला आणि त्याची चेष्टाही केली. "चल, डॉक्टरकडे जाऊ," असं कुणी म्हटलं की त्याचा एकच प्रश्न: "बिल किती येईल?" विद्यार्थ्यांचा इन्शुरन्स कितपत खर्च देतो हे आम्हा चौघांपैकी एकालाही नीट माहीत नव्हतं, त्यामुळे तो विषय तिथेच थांबायचा. तिसऱ्या रात्री तो बाथरूममध्ये चक्कर येऊन पडला. अंगातलं पाणी इतकं कमी झालं होतं की इमर्जन्सीत त्याला सलाइन लावावं लागलं. तिथे शौच तपासणीबद्दल विचारलं तेव्हा त्याने बिल वाढेल म्हणून नको म्हटलं. आम्हीही आग्रह केला नाही.

तो बरा झाला. आणि नंतर ९ जुलैला नवीन सूचना आली. लहान मुलं, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्ची हालापेन्यो आणि सेरानो मिरची खाऊ नये. ताज्या कोथिंबिरीचाही तपास चालू आहे. बरणी तेव्हाही टेबलावरच होती. कुणीच काही बोललं नाही. एकाने उठून ती रिकामी केली आणि घासून ठेवली.

चोर सोडून संन्याशाला फाशी का?

पुढची कथा थोडक्यात अशी. १७ जुलैला टोमॅटोवरचा इशारा मागे घेतला गेला. २१ जुलैला टेक्सासमधल्या मॅकअ‍ॅलनच्या एका वितरकाकडच्या हालापेन्यो मिरचीत तोच जंतू सापडल्याचं जाहीर झालं. ३० जुलैला मेक्सिकोतल्या तामौलिपास राज्यातल्या एका शेतावरच्या पाण्यात आणि सेरानो मिरचीतही तो सापडला. ऑगस्टअखेर साथ संपली. तपासणीत नक्की झालेले रुग्ण सुमारे १५००, त्यातल्या दर पाचांमागे एक दवाखान्यात भरती आणि दोघांचा मृत्यू. सगळ्यात जास्त रुग्ण आमच्या टेक्सासमध्ये. तपासलेल्या टोमॅटोंमध्ये मात्र तो जंतू मिळालाच नाही. टोमॅटो पिकवणाऱ्यांचं कोट्यवधी डॉलरचं नुकसान झालं ते झालंच.

एवढे हुशार लोक चुकले कसे? आम्हाला तेव्हा सरकारचा रागच आला होता. पण हा तपास चालतो कसा हे समजल्यावर राग बराच कमी झाला.

माणूस खातो एका दिवशी. त्रास सुरू होतो काही तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही. मग तो डॉक्टरकडे जाणार, नमुना प्रयोगशाळेत जाणार, तिथे जंतू वाढवून त्याच्या डीएनएचा ठसा बाकीच्या रुग्णांशी जुळवून बघणार. यात दोन-तीन आठवडे सहज जातात. मग आरोग्य खात्याचा फोन येतो: "तीन आठवड्यांपूर्वी तुम्ही काय काय खाल्लं होतं?" आता सांगा, आठवेल? आजारी लोकांची उत्तरं न आजारी पडलेल्यांच्या उत्तरांशी ताडून पाहतात आणि कोणत्या पदार्थात फरक दिसतो ते बघतात.

टोमॅटो सगळ्यांना आठवतो. साल्सामध्ये बारीक चिरलेली मिरची आठवत नाही. आपण "पोहे खाल्ले" असं सांगतो. "पोह्यांत मोहरी होती" असं कुणी सांगतं का? आणि टोमॅटो, मिरची, कोथिंबीर तर साल्सामध्ये हातात हात घालूनच येतात. आमच्या धंद्यात असं नेहमी होतं. प्रोग्रॅम बंद पडतो तेव्हा लॉगमध्ये दर वेळी एकच नाव दिसतं, सगळे त्याच्यामागे लागतात आणि खरा दोषी त्याच्या शेजारी शांत बसलेला असतो!

कोडं सुटायला मोठी मदत झाली ती मिनेसोटातल्या एका रेस्टॉरंटमधल्या रुग्णांमुळे. तिथल्या आरोग्य खात्याने "काय खाल्लं?" एवढ्यावर न थांबता प्रत्येक पदार्थाची पाककृती मागवली आणि आजारी व बऱ्या गिऱ्हाइकांची एकेका जिन्नसाप्रमाणे तुलना केली. पदार्थावर वरून भुरभुरलेली हालापेन्यो मिरची तिथे पकडली गेली.

असंच २०११ मध्ये जर्मनीत झालं. ई. कोलाय या जंतूची भयंकर साथ आली. आधी स्पेनच्या काकडीवर आळ आला, शेतकऱ्यांना माल फेकून द्यावा लागला. शेवटी दोषी निघाले मोड आलेले मेथीदाणे! बियाणं इजिप्तमधून आलेलं होतं. साडेतीन हजारांहून अधिक लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले. काकडी सुटली, मेथी सापडली.

याचा अर्थ सरकारी इशारे खोटे असतात असा मुळीच नाही. जी वस्तू परत मागवली ती फेकायचीच. पण इशारा हा बहुतेक वेळा काही आठवडे उशिरा येतो आणि कधी कधी पहिलं नाव चुकतं. म्हणून फक्त त्या एका नावाला घाबरून बाकी सगळं तसंच चालू ठेवणं, म्हणजे आमच्यासारखं टोमॅटो फेकून ठेचा खाणं!

मग मोडांचं काय?

आता आईंच्या प्रश्नाकडे येऊ. घरी आणलेले मोड सुरक्षित का नाहीत?

मोड यायला काय लागतं? ऊब, ओलावा आणि वेळ. जंतू वाढायलाही नेमकं हेच लागतं. कडधान्याच्या सालीवरच्या बारीक भेगांत शेतातूनच दोन-चार जंतू आले असतील, तर फडक्यात बांधून उबेला ठेवल्यावर मटकीबरोबर त्यांचीही भरभराट होते. त्यात घरच्या स्वच्छतेचा दोष नसतो. दहा वेळा धुवूनही भेगांतले जंतू निघत नाहीत. फ्रीझरमध्ये ते मरत नाहीत, नुसते झोपतात. लिंबू पिळल्याने किंवा दही घातल्याने भरवशाने मरत नाहीत. आणि कोशिंबिरीवर चुरचुरीत फोडणी ओतली म्हणजे ती शिजली असंही नाही. वरचे चार दाणे गरम होतात, खालचे तसेच राहतात.

भरवशाचा उपाय एकच, नीट शिजवणं. आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस, म्हणजे १६५ फॅरनहाइट उष्णता पोचली की साल्मोनेला टिकत नाही. उसळ, मिसळ, बिरडं हे सगळं त्यात बसतं. म्हणजे आपली परंपरा बरीचशी सुरक्षितच आहे. धोका आहे तो कच्च्या मोडांच्या कोशिंबिरीत, भेळेवर भुरभुरलेल्या मुगात आणि "हेल्दी" म्हणून मुलांच्या डब्यात दिलेल्या कच्च्या मोडांत. लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि वयस्कर मंडळी यांनी कच्चे मोड खाऊ नयेत असा इथला सरकारी सल्लाही आहे. गोठवलेल्या खवलेल्या नारळाचंही तेच. २०१८ मध्ये तसल्या नारळातून इथे साल्मोनेलाची साथ आली होती. भाजीत, आमटीत तो शिजतो. पण चटणीत कच्चाच जातो.

आमच्या स्वयंपाकघरात काय बदललं

• फडक्यातले मोड आता आधी उकळत्या पाण्यात किंवा कुकरमध्ये नीट वाफवून घेतो आणि मगच कोशिंबीर करतो. कुरकुरीतपणा थोडा जातो, चव राहते.

• ठेचा खऱ्या पद्धतीने, मिरच्या तव्यावर चांगल्या परतून. झाल्यावर बरणी फ्रीजमध्ये. कच्ची कोथिंबिरीची चटणी लागेल तेवढीच.

• चिरलेली फळं-भाज्या, दही, शिजवलेला भात बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवत नाही. उन्हाळ्यातल्या पिकनिकला हवा ३२ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे ९० फॅरनहाइटच्या वर असेल तर एकच तास. पॉटलकला कोशिंबीर नेली तर बर्फाच्या ट्रेमध्ये.

• भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुतो. साबण लावत नाही, तो भाजीत शिरतो. गरम टोमॅटो बर्फगार पाण्यात बुडवत नाही, कारण आतली हवा आक्रसते आणि देठाच्या जागेतून पाणी आत ओढलं जातं.

• चिकन-अंड्यांचा विळा-पाट किंवा सुरी-बोर्ड वेगळा. सगळे सोपस्कार केले आणि त्याच बोर्डावर काकडी चिरली तर काय उपयोग?

• पाकिटातला जिन्नस डब्यात ओतला तरी पाकिटाचा लॉट नंबर असलेला तुकडा डब्याला चिकटवून ठेवतो. वस्तू परत मागवली तर नेमकी तीच फेकता येते, अख्खं घर रिकामं करावं लागत नाही.

सर्वात महत्त्वाचं: लपवू नका

हे सगळं आईंना समजावून सांगत असताना त्या एकदम म्हणाल्या, "म्हणजे चातुर्मासासारखंच की! आमच्याकडे पावसाळ्यात पालेभाजी नाही खात. कारण कुणी सांगितलं नव्हतं, पण नाही म्हणजे नाही." आणि मग थोडं थांबून, "परवा माझं पोट दोन दिवस बिघडलं होतं. तुम्हाला उगीच कशाला सांगायचं म्हणून बोलले नाही. इथे डॉक्टरचा खर्च किती असतो, मला का माहीत नाही?"

आमच्या डोळ्यांसमोर एकदम २००८ मधलं बाथरूम आलं. सतरा वर्षांनी, वेगळं घर, वेगळं माणूस आणि तेच वाक्य.

आम्ही लगेच डॉक्टरांच्या ऑफिसला फोन केला. नर्सने प्रश्न विचारले: ताप होता का, रक्त पडलं का, लघवी होते का, पाणी पोटात राहतं का. सुदैवाने सगळं ठीक होतं. लक्ष ठेवा म्हणाल्या. पण आईंचं वय सत्तरीच्या वर. पाणी कमी झालं असतं आणि आम्ही ऑफिसात असतो तर?

साल्मोनेला बहुतेकांना चार ते सात दिवसांत आपोआप सोडून जातो. खरा धोका अंगातलं पाणी कमी होण्याचा. तेव्हा मीठ-साखर-पाणी: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. ते घोट-घोट पाजत राहायचं. जुलाब थांबवायच्या गोळ्या मुलांना मनाने देऊ नयेत, आणि भारतातून आणलेल्या अँटिबायोटिक्सच्या पट्ट्याही उघडू नयेत. ताप १०२ फॅरनहाइटच्या वर गेला, शौचात रक्त दिसलं, तीन दिवसांत उतार पडला नाही, पाणी पोटात ठरत नाही, लघवी जवळजवळ बंद झाली, चक्कर येते, यांतलं काहीही झालं तर थांबायचं नाही. तान्हं बाळ, गरोदर स्त्री किंवा वयस्कर माणूस असेल तर त्याही आधी फोन करायचा.

आणि डॉक्टर शौच तपासणी करू या म्हणाले तर हो म्हणा. ती फक्त आपल्यासाठी नसते. नोंद झालेल्या साल्मोनेलाच्या प्रत्येक रुग्णामागे सुमारे २९ रुग्णांची नोंदच होत नाही, असा सीडीसीच्या तज्ज्ञांचा २०११ मधला अंदाज होता. आमचा मित्र त्यातलाच. त्याला नेमकं काय झालं होतं ते आता कधीच कळणार नाही. पण त्याची तपासणी झाली असती आणि त्याला फोन आला असता, तर तो साल्सा विसरला नसता. त्याने पहिल्या वाक्यात सांगितलं असतं: "रोज कच्ची मिरची खातो, टोमॅटो महिनाभर शिवलेला नाही." टोमॅटोच्या मागे लागलेल्यांना अशी चार-पाच उत्तरं जूनमध्येच मिळाली असती तर? आपल्या लोकांचं खाणं वेगळं आहे, म्हणूनच आपली माहिती उपयोगाची आहे.

तेव्हा मंडळी, आई-बाबा भारतातून येणार असतील तर तीन गोष्टी विमानतळावरून घरी येतानाच सांगा. एक, तुमचा व्हिजिटर इन्शुरन्स काढलेला आहे आणि तो अमुक इतका खर्च देतो. (आकडा खरोखर वाचून ठेवा, आम्हीही त्या दिवशीच पहिल्यांदा वाचला!) दोन, पोट बिघडलं तर त्याच दिवशी सांगायचं. तीन, खर्चाची काळजी आमची, तुमची नाही. आणि नव्याने शिकायला आलेली मुलं तुमच्या ओळखीची असतील तर त्यांना कॉलेजच्या हेल्थ सेंटरचा नंबर फ्रीजवर लावायला सांगा. पाळ्यांच्या कागदाशेजारी.

त्या रविवारी मिसळ झाली. मटकी आईंनी घरीच मोड आणून, चांगली शिजवून घातली. त्याआधी कोल्हापूरच्या मित्राला फोन केला. तो आता न्यू जर्सीत असतो. मटकीची बातमी त्यालाही कळली होती. "आईंना म्हणावं मिसळ बिनधास्त करा," तो म्हणाला, "पण लिंबू-कांद्याबरोबर कच्ची मिरची नको. आणि काही झालं तर तिसऱ्या रात्रीपर्यंत थांबू नका."